एन-थ्रीनंतरचे जपानी शब्द: इंग्रजी अर्थांवरून शिकताना

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्यांपैकी (एन-फाइव्ह सर्वात सोपी, एन-वन सर्वात अवघड) मधली एन-थ्री ओलांडली की शब्दांच्या अभ्यासाची चाल बदलते. तोवरचे शब्द सरळ असतात. खुर्ची, पाऊस, आगगाडी, जाणे, येणे. शेजारचा इंग्रजी अर्थ वाचला की काम झाले. एन-टूच्या मध्यावर कुठेतरी हे थांबते. 'करेक्शन' या एकाच इंग्रजी शब्दासमोर पाच-सहा जपानी शब्द येऊन उभे राहतात. पाठ केलेला अर्थ चुकीचा नसतो, तरी आपण लिहिलेला ईमेल वाचून जपानी सहकारी विचारतो, "म्हणजे नेमके काय म्हणायचे आहे?"

अशा वेळी 'इंग्रजी सोडा, जपानी-जपानी कोश धरा' असा सल्ला हमखास मिळतो. मला तो अर्धाच पटतो. इंग्रजी अर्थ टाकून देण्याची गरज नाही. त्याच्याकडून शब्दाचा पत्ता घ्यावा, आणि ओळख मात्र त्या शब्दाच्या सोबत्यांकडून आणि आपल्या मराठीकडून करून घ्यावी. हे कसे करायचे ते या लेखात टप्प्याटप्प्याने मांडतो आहे. वाचक एन-थ्री झालेला, कांजी (चिनी मुळाची अक्षरे) वाचू शकणारा आणि एन-टू किंवा एन-वनकडे निघालेला आहे असे धरले आहे. सोयीसाठी जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत आणि लांबवलेल्या 'ओ'सारख्या स्वरांसाठी अवग्रह वापरला आहे. तुमच्या वहीत आणि कार्डावर मात्र ते कांजी आणि काना (जपानी ध्वनिलिपी) यांतच असू द्या.

आधी साधनांविषयी

प्रगत पातळीची बहुतेक मोफत साधने इंग्रजीत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच साधनांचा स्रोत एकच आहे. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचे जिम ब्रीन यांनी 1991 साली एडिक्ट नावाची जपानी-इंग्रजी शब्दफाइल सुरू केली. पुढे तिचे जेएमडिक्ट झाले. जिशो हे संकेतस्थळ, योमितान हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन आणि मोबाइलवरची अनेक कोश-ॲप्स हाच साठा वापरतात. त्यामुळे दोन ॲप्समध्ये तोच अर्थ दिसला म्हणजे तो दोनदा पडताळला गेला असे समजू नका. बहुतेक वेळा ती एकच नोंद असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जेएमडिक्ट व्याख्या देत नाही, प्रतिशब्द देते. ही वस्तू काय आहे, कधी वापरतात, कोण कोणाला म्हणतो, हे तिथे क्वचितच मिळते. चार इंग्रजी शब्द ओळीने मांडलेले असतात आणि अर्थ त्या चौघांच्या मधल्या जागेत असतो.

पहिला टप्पा: नोंद पूर्ण वाचा

बहुतेक विद्यार्थी पहिला इंग्रजी शब्द उचलतात आणि पुढे जातात. त्याऐवजी नोंद पुढील क्रमाने वाचा.

सुरुवात बारीक अक्षरांतल्या खुणांपासून करा. शब्दाला 'सुरु' (करणे) लावून क्रियापद होते का? ना-विशेषण (नामाआधी 'ना' घेणारे) आहे की नुसते नाम? सकर्मक की अकर्मक? 'सहसा कानातच लिहितात' अशी खूण आहे का? बोलीतला, आदरार्थी, जुनाट असे काही लिहिले आहे का? या खुणांना मी इंग्रजी अर्थाइतकेच वजन देतो. 'हास्सेइ' म्हणजे उद्भवणे. हे क्रियापद मुळात अकर्मक आहे, म्हणून 'मोंदाइ गा हास्सेइ सुरु', अडचण उद्भवते. 'हाक्केन' म्हणजे शोध लागणे असे इंग्रजीवरून वाटले तरी ते सकर्मक आहे, म्हणून 'मोंदाइ ओ हाक्केन सुरु'. 'काकुदाइ', म्हणजे विस्तार, दोन्हीकडे चालते. एवढी खूण टिपली की 'गा' (कर्त्याचा प्रत्यय) आणि 'ओ' (कर्माचा प्रत्यय) यांचा गोंधळ बराच कमी होतो.

मग आकडे पाहा. आकडा बदलला की अर्थ खरोखर वेगळा असतो. अर्धविरामाने तोडलेले शब्द मात्र एकाच अर्थाच्या छटा असतात. त्यांच्यात सामाईक काय आहे हा प्रश्न स्वतःला विचारा. 'इसागियोइ' या विशेषणापुढे शूर, खिलाडू, दिलदार, शुद्ध अशा वळणाचे इंग्रजी शब्द सापडतात. एकेकटा घेतला तर प्रत्येक दिशाभूल करतो. एकत्र पाहिले की कळते: आडेवेढे न घेता, सबबी न सांगता हार किंवा दोष पत्करण्याचा मोठेपणा. 'इसागियोकु माके ओ मितोमेरु' म्हणजे खुल्या मनाने हार मान्य करणे.

इथे आपल्या बाजूची एक अडचण सांगायलाच हवी. इंग्रजी ही आपल्यापैकी बहुतेकांची शिकलेली भाषा आहे. 'डिफिडन्स' किंवा 'पर्फंक्टरी' असा शब्द नोंदीत आला की आपण त्याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावर जपानी शब्दाचा अंदाज. इंग्रजी शब्द शंभर टक्के ओळखीचा नसेल तर आधी इंग्रजी-मराठी किंवा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. हे अर्ध्या मिनिटाचे काम टाळू नका.

दुसरा टप्पा: एकाच इंग्रजी अर्थाची भावंडे एकत्र बसवा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. प्रगत पातळीवर एकटा शब्द शिकणे महागात पडते. तोच इंग्रजी अर्थ असलेले शब्द एका पानावर घ्या आणि प्रत्येकाचे कर्म कोणते ते लिहा. काय दुरुस्त करतात? काय बदलतात? फरक बहुतेक वेळा कर्मात सापडतो.

'करेक्शन'चेच घ्या. 'तेइसेइ' ही शब्दांतली किंवा आकड्यांतली उघड चूक सुधारणे. जपानी वृत्तनिवेदक म्हणतो, "साकिहोदो नो हाप्प्योऽ नि आयामारि गा आरिमाशिता नोदे, तेइसेइ इताशिमासु." मघाच्या माहितीत चूक होती, ती दुरुस्त करतो. 'शूसेइ'मध्ये मूळ गोष्ट चुकीचीच असायला हवी असे नाही. आराखडा, मार्ग, मसुदा यांत फेरफार करून तो योग्य जागी आणणे म्हणजे शूसेइ, म्हणून 'केइकाकु ओ शूसेइ सुरु'. 'झेसेइ' हा जड शब्द आहे. व्यवस्थेतला अन्याय किंवा असमतोल दूर करणे. विषमता झेसेइ करतात, कामाचे अतोनात तास झेसेइ करतात. ईमेलमधल्या स्पेलिंगला झेसेइ म्हटले तर वाचणारा चमकेल. 'क्योऽसेइ' म्हणजे वाकडे सरळ करणे. दातांना तारा लावतात ते हेच. 'काइसेइ' कायद्याचे होते. 'केनपोऽ काइसेइ' म्हणजे सरळसरळ घटनादुरुस्ती. आणि 'कोऽसेइ' म्हणजे मुद्रितशोधन.

या कोऽसेइला दुसरा अर्थही आहे: मापनयंत्राचे कॅलिब्रेशन. चाकण-रांजणगावच्या जपानी कारखान्यांत दुभाषाचे काम करायचे असेल तर गुणवत्ता विभागात हा शब्द वारंवार कानावर येईल, आणि तिथे मुद्रितशोधनाचा काही संबंध नसतो. दोन्ही अर्थ नोंदीत वेगवेगळ्या आकड्यांखाली असतात. आकडे पाहायचे ते यासाठीच.

या गटात 'काइतेइ'चा उपद्रव वेगळा आहे. उच्चार एकच, कांजी दोन. दर, भाडे, नियमावली यांची फेररचना एका कांजीने लिहितात आणि पुस्तकाची सुधारित आवृत्ती दुसऱ्या कांजीने. दोन्हींच्या इंग्रजी अर्थात 'रिव्हिजन' असतेच. रेल्वेभाड्याचे परिपत्रक आणि पाठ्यपुस्तकाचे मुखपृष्ठ अशी दोन उदाहरणे शेजारी ठेवली की गोंधळ राहत नाही.

असा गट करताना एक मर्यादा पाळा. पाचही शब्द एकाच दिवशी नव्याने पाठ करू नका. सारखे दिसणारे शब्द एकदम घेतले की डोक्यात मिसळतात. दोन शब्द आधीच ओळखीचे झाले की मग तिसरा-चौथा त्यांच्या शेजारी आणून बसवा. गट म्हणजे उजळणीचे पान, पहिल्या भेटीचे नव्हे.

असाच गट 'ओव्हरलुक'चा करून पाहा, कारण तिथे इंग्रजी शब्दच दुतोंडी आहे. 'मिओतोसु' म्हणजे नजरेतून सुटणे. 'मिनोगासु' म्हणजे सुटणे किंवा जाणूनबुजून सोडून देणे. "कोंदो दाके वा मिनोगाशिते कुदासाइ", या वेळेपुरते सोडून द्या. 'मिसुगोसु' म्हणजे दिसूनही तसेच जाऊ देणे. 'मिसुगोसेनाइ मोंदाइ' म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नाही असा प्रश्न. आणि 'मिओरोसु' म्हणजे उंचावरून खाली पाहणे. टेकडीवरून दिसणारे बंदर आणि तपासणीत सुटलेली चूक इंग्रजीत एकाच शब्दात राहू शकतात, जपानीत नाही.

तिसरा टप्पा: सोबती शोधा

शब्द कोणत्या नामाबरोबर, कोणत्या क्रियापदाबरोबर आणि कोणत्या प्रत्ययासह येतो हे कोशापेक्षा शब्दसंग्रहातून, म्हणजे कॉर्पसमधून, नीट कळते. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने, म्हणजे निन्जलने, समकालीन लिखित जपानीचा सुमारे 10 कोटी शब्दांचा संतुलित संग्रह तयार केला आहे. त्यात पुस्तके, नियतकालिके, वृत्तपत्रे, सरकारी श्वेतपत्रिका, कायदे, ब्लॉग असे सगळे आहे. तो चाळण्यासाठी 'शोऽनागोन' हे साधे शोधपान आहे आणि 'एनएलबी' नावाचे अधिक सोयीचे साधनही आहे. दोन्ही मोफत आहेत.

एनएलबीमध्ये शब्द टाकला की तो कोणत्या प्रत्ययासह किती वेळा आला याची यादी मिळते. उदाहरणार्थ 'हादोमे'. कोश सांगतो ब्रेक, अटकाव. यादीत पाहिले की 'हादोमे ओ काकेरु' आणि 'हादोमे गा काकारु' या जोड्या डोळ्यांत भरतात. म्हणजे शिकायचे आहे ते 'हादोमे' हे सुटे नाम नाही, 'नि हादोमे ओ काकेरु' हा अख्खा तुकडा. 'बुक्का जोऽशोऽ नि हादोमे ओ काकेरु', महागाईला आळा घालणे. मराठीतही 'आळा' एकटा कुठे फिरतो? तो घातला जातो किंवा बसतो. त्याच्या उलट बाजूला 'हाकुशा ओ काकेरु' ठेवा, एखाद्या गोष्टीला आणखी वेग देणे, आणि दोघांचे एकत्र वाक्य करा.

प्रत्येक नव्या शब्दासाठी कॉर्पस उघडायला वेळ नसतो आणि गरजही नसते. वस्तूंच्या नावांना, तांत्रिक संज्ञांना हे लागत नाही. क्रियापदे, अमूर्त कांगो (चिनी मुळाची) नामे आणि 'ओरोसोका'सारखी विशेषणे यांच्यासाठी मात्र उघडाच. 'ओरोसोका'चा इंग्रजी अर्थ 'निग्लेक्टेड' असा दिसतो, पण प्रत्यक्षात तो 'ओरोसोका नि सुरु' याच साच्यात सर्वाधिक भेटतो. 'बेन्क्योऽ ओ ओरोसोका नि सुरु', अभ्यासाची हयगय करणे.

चौथा टप्पा: मराठीची ओळ लिहा

यावर मी सर्वात आग्रही आहे, कारण हा ठेवा आपल्याकडे असूनही आपण तो वापरत नाही. वर्गात सगळे इंग्रजीतून चालते, पुस्तके इंग्रजीतून असतात, आणि वाक्यरचनेत जपानीच्या कितीतरी जवळची असलेली मराठी खिडकीबाहेर राहते. क्रियापद शेवटी येणे, प्रत्यय नामामागे लागणे, 'मला आवडते'मध्ये आवडणारी वस्तूच कर्ता असणे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. शब्दांच्या बाबतीतही तसेच आहे.

पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, विझणे-विझवणे या आपल्या जोड्या 'ओचिरु-ओतोसु', 'किरेरु-किरु', 'किएरु-केसु' यांच्या बाजूला ठेवून पाहा. इंग्रजीत अशा कित्येक ठिकाणी एकच क्रियापद दोन्ही कामे करते आणि नोंद 'टू ब्रेक' म्हणून मोकळी होते. मात्र आंधळा विश्वास नको. 'ताइचोऽ ओ कुझुसु' म्हणजे प्रकृती बिघडणे. मराठीत अकर्मक, जपानीत सकर्मक. असा अपवाद सापडला की कार्डावर लाल शाईने.

जोडक्रियापदांतही असेच. करून पाहणे, करून ठेवणे, करून टाकणे यांचे जपानी भाऊ तुम्ही एन-फोरमध्येच पाहिले आहेत. पुढच्या पातळीवर '-नुकु' येते. 'यारिनुकु' म्हणजे तडीस नेणे, 'इकिनुकु' म्हणजे तगून राहणे. '-किरु' येते; 'त्सुकाइकिरु' म्हणजे वापरून संपवणे. अशा ठिकाणी इंग्रजी नोंदीत तीन-चार शब्दांचे वाक्य असते, मराठीत दोन शब्दांत काम होते.

दुखण्याचे शब्द घ्या. 'झुकिझुकि' म्हणजे ठणका. 'हिरिहिरि' म्हणजे चुरचुरणे, झोंबणे. 'चिकुचिकु' म्हणजे टोचणे. 'मुकामुका' म्हणजे मळमळणे. जपानी डॉक्टर कसे दुखते हे विचारताना याच शब्दांची अपेक्षा ठेवतो. इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी या अनुकरणवाचक शब्दांना घाबरतात, आणि आपल्या घरात लहान मूलही ठणकते आणि चुरचुरते यांतला फरक सांगते.

समाज आणि मन यांचे शब्द तर मराठीशिवाय शिकूच नयेत असे मला वाटते. 'सेकेन्तेइ'चा इंग्रजी अर्थ 'समाजाच्या नजरेतले दिसणे' अशा वळणाचा असतो. आपण म्हणू, चार लोक काय म्हणतील. 'सेकेन्तेइ ओ कि नि सुरु' म्हणजे लोक काय म्हणतील याची चिंता करणे, संपले. 'मिरेन' म्हणजे जीव अडकून राहणे, मन घुटमळणे. 'एन' म्हणजे ऋणानुबंध; 'फेट' लिहून त्यातला जिव्हाळा येत नाही. 'एन्र्यो' म्हणजे संकोच, भीड. 'गो-एन्र्यो नाकु' म्हणजे निःसंकोचपणे. पण पाटीवर 'गो-एन्र्यो कुदासाइ' दिसले तर ती मनाईची सौम्य भाषा आहे, 'कृपया टाळावे'. बौद्ध ग्रंथांतून गेलेले शब्द तर थेट घरचे आहेत: 'सेत्सुना' हा आपला क्षण आणि 'नाराकु' हा नरक.

मराठी कधी कधी फसवते, हेही ध्यानात असू द्या. 'मुद्दाम' पाहा. त्याने मुद्दाम पाडले, तिथे 'वाझातो'. तुम्ही मुद्दाम आलात, बरे वाटले, तिथे 'वाझावाझा', "वाझावाझा किते कुदासात्ते आरिगातोऽ गोझाइमासु." विरोध होणार हे माहीत असूनही मुद्दाम बोलतो, तिथे 'आएते'. आलेल्या पाहुण्याला चुकून वाझातो म्हटले तर काही तरी कुरापत काढायला आलात असे होईल. इथे मराठीचा एक शब्द तीन जपानी शब्दांवर पसरला आहे, म्हणून मराठी ओळ शब्दाची न लिहिता वाक्याची लिहा.

पाचवा टप्पा: कार्ड बनवा

अंकी हे (आयफोन वगळता मोफत) उजळणी-ॲप बहुतेकांना माहीत आहे. तयार डेक उतरवून हजारो कार्डे फिरवणे मला पसंत नाही. पुढच्या बाजूला सुटा शब्द आणि मागे इंग्रजी प्रतिशब्दांची रांग असेल तर सगळी अडचण कार्डातच भरून ठेवली जाते. स्वतःचे कार्ड करा. एक नमुना दाखवतो. शब्द 'तोदोकोऽरु', इंग्रजी नोंदीत साचणे, रखडणे, थकबाकी पडणे अशा अर्थांचे शब्द.

पुढची बाजू, जपानी लिपीत पूर्ण वाक्य: "शिगात्सु कारा याचिन नो शिहाराइ गा तोदोकोऽत्ते इरु." लक्ष्यशब्द ठळक.

मागची बाजू, पहिली ओळ: उच्चार, अकर्मक, गा.
दुसरी ओळ, इंग्रजी अर्थ, जास्तीत जास्त दोन: टू बी ओव्हरड्यू, टू स्टॉल.
तिसरी ओळ, मराठी वाक्य: एप्रिलपासून घरभाडे थकले आहे.
चौथी ओळ, सोबती: शिहाराइ गा (देणी थकतात), शिगोतो गा (काम रखडते), कोऽत्सूऽ गा (वाहतूक खोळंबते).
पाचवी ओळ, भावंड: 'तोगिरेरु', मध्येच खंड पडणे.

थकणे, रखडणे, खोळंबणे ही तीन मराठी क्रियापदे मिळून तोदोकोऽरुचा आवाका किती नेमका दाखवतात पाहा. वाहती गोष्ट मध्ये अडून साचते, हा गाभा त्यातून आपोआप हाती लागतो.

योमितान बसवले असेल तर वेबपानावरचा शब्द वाक्यासह अंकीत पाठवता येतो. ही सोय चांगली आहे, पण पाठवलेले कार्ड त्याच दिवशी संध्याकाळी हाताने छाटा: नको ते इंग्रजी अर्थ काढा, मराठी ओळ भरा. न छाटलेले कार्ड उजळणीला येऊ देऊ नका. रोज आठ-दहा नवे शब्द नोकरी करणाऱ्याला पुरेसे आहेत. उजळणी आधी, नवे शब्द नंतर. एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की अंकी आपण होऊन त्याला 'लीच' ठरवते, आणि सेटिंग तशी असेल तर बाजूला ठेवते. ते तसेच फिरवत राहू नका. नवे वाक्य शोधून नवे कार्ड लिहा. बहुतेक वेळा दोष वाक्याचा असतो.

दहा शब्दांमागे एखादे कार्ड उलटे असू द्या: पुढे मराठी वाक्य, मागे जपानी. ज्या शब्दांनी तुम्हाला बोलायचे-लिहायचे आहे तेवढ्यांचेच. बाकीचे ओळखता आले तरी चालते.

कोणत्या शब्दाचे कार्ड करायचे? पहिल्यांदा भेटला की नाही, दुसऱ्यांदा भेटला की. ही साधी चाळणी फार कामाची आहे.

शब्दाचा पोशाख

इंग्रजी अर्थाने सर्वात जास्त झाकली जाणारी गोष्ट म्हणजे शब्दाचा दर्जा. 'हाजिमेरु', 'काइशि सुरु', 'सुताऽतो सुरु'. तिन्हींपुढे 'टू स्टार्ट'. पहिला मूळ जपानी, दुसरा चिनी मुळाचा कांगो, तिसरा इंग्रजीतून आलेला. मराठी वाचकाला हे समजवायला दोन वाक्ये पुरतात: सुरू करणे, प्रारंभ करणे आणि स्टार्ट करणे हे आपण कुठे कुठे म्हणतो ते आठवा. कांगो शब्द बातम्या, अहवाल, कायदे यांत. मूळ जपानी शब्द घरात आणि मनात. कांगो-कांगोंतही दर्जा असतो: काळजीला 'शिन्पाइ' घरी म्हणतात, 'केनेन' बातमीत. कार्डावर एका अक्षराची खूण करा, बोली की लेखी. एवढे पुरते.

इंग्रजीतून आलेल्या, काताकाना या परक्या शब्दांच्या लिपीत लिहिल्या जाणाऱ्या शब्दांपुढे मात्र इंग्रजी विसरा. 'कुरेऽमु' म्हणजे ग्राहकाची तक्रार. 'मान्शोन' म्हणजे अपार्टमेंटमधला फ्लॅट. 'तेन्शोन गा ताकाइ' म्हणजे उत्साहात असणे. आणि 'बिम्योऽ'सारखा जुना शब्द, ज्याचा कोशातला अर्थ सूक्ष्म, नाजूक असा आहे, तरुणांच्या बोलण्यात 'तितकेसे जमलेले नाही' या अर्थी येतो.

कांजीचा हिशेब

जपान सरकारच्या 2010 च्या सुधारित यादीत रोजच्या वापराच्या 2136 कांजी आहेत. प्रगत कांगो शब्द बहुतेक यांच्याच जोड्या असतात, त्यामुळे दोन कांजींचे अर्थ माहीत असतील तर इंग्रजी नोंद उघडण्याआधी दहा सेकंद अंदाज बांधा. चुकला तरी शब्द जास्त टिकतो. ध्वनीचेही धागे धरा: निळ्या-हिरव्या रंगाची 'आओ' कांजी ज्यांच्या अंगात आहे अशा स्वच्छ, निरभ्र, शांत, विनंती या अर्थांच्या कांजी 'सेइ' वाचल्या जातात. नकाराचे चार उपसर्ग, 'फु', 'मु', 'हि', 'मि', इंग्रजीत बहुधा 'अन' किंवा 'नॉन' होऊन सपाट होतात. त्यातला 'मि' लक्षात ठेवा: 'अजून नाही'. 'मितेइ' म्हणजे अजून ठरलेले नाही, 'मिहाराइ' म्हणजे अजून न भरलेले.

परीक्षेपुरते

जेएलपीटी 1984 साली चार पातळ्यांनी सुरू झाली, 2010 मध्ये पाच झाल्या, आणि तेव्हापासून शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. जुन्या पहिल्या पातळीचा अंदाज सुमारे 10,000 शब्द आणि 2,000 कांजी असा होता; बाजारातल्या 'एन-वन'च्या याद्या प्रकाशकांनी आपापल्या अंदाजाने बांधलेल्या आहेत. त्यांना धर्मग्रंथ मानू नका. एन-वनला 180 पैकी 100 गुण लागतात आणि प्रत्येक विभागात 60 पैकी किमान 19.

शब्दांच्या प्रश्नांत 'योऽहोऽ' नावाचा प्रकार असतो: एक शब्द, चार वाक्ये, त्यांपैकी एकाच वाक्यात तो शब्द बरोबर बसतो. चुकीच्या वाक्यांत इंग्रजी अर्थ घालून पाहिला तर तीही अनेकदा बरोबर वाटतात. सोबती पाठ नसतील तर इथे काही इलाज नाही. वर दिलेली कार्डाची चौथी ओळ या प्रश्नासाठी आहे. पुण्यात आणि मुंबईत जुलै किंवा डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी शेवटचे दोन महिने नवे शब्द कमी करून फक्त या ओळी वाचाव्यात.

जपानी-जपानी कोशाकडे कधी वळायचे

एन-टूचे वाचन निभावू लागले की. कोतोबांक किंवा वेब्लिओ हे ऑनलाइन कोश उघडा, पण नव्या शब्दासाठी नव्हे. कार्डात असलेल्या, अर्थ माहीत असलेल्या शब्दासाठी. व्याख्येतले ऐंशी टक्के आपोआप कळते आणि उरलेल्या वीस टक्क्यांत बहुधा तोच फरक सापडतो, जो इंग्रजी नोंदीत हरवला होता. 'झेसेइ'च्या व्याख्येत 'चुकीचे, अन्याय्य ते नीट करणे' असे दिसले की वर केलेला गट पक्का होतो. व्याख्येतच दोन अनोळखी शब्द आले तर पाठलाग करू नका, इंग्रजीकडे परत या. महिन्याभराने तीच व्याख्या पुन्हा उघडा.

वाचनासाठी मी जपानी मंत्रालयांच्या 'हाकुशो', म्हणजे श्वेतपत्रिका सुचवेन. त्या मोफत मिळतात, विषय ओळखीचे असतात आणि झेसेइ, केनेन, काकुदाइ, हादोमे ही मंडळी तिथे पुन्हा पुन्हा भेटतात. एका प्रकरणाचा सारांश वाचा, फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा, आणि प्रत्येकाच्या मागे कोणते नाम कोणत्या प्रत्ययासह आले ते समासात लिहा. दुसऱ्यांदा भेटलेले शब्द तेवढे अंकीत जाऊ द्या.